टेहळ्याचं तांबडं फडकं

जिथे खाडी समुद्राला मिळते, तिथे तारवेळ नावाचं एक गाव होतं. त्या गावात गुणाजी नावाचा एक टेहळ्या होता. टेहळ्या म्हणजे राजाच्या किल्ल्यावरचा नव्हे. गुणाजीच्या हातात ना भाला होता ना तुतारी. होतं एक तांबडं फडकं, आणि तेही कडेला विरलेलं.

तारवेळचे लोक रापण ओढून मासे धरत. रापण म्हणजे साऱ्या गावाचं मिळून एकच भलं मोठं जाळं. होडी ते जाळं घेऊन माशांच्या थव्याभोवती वळसा घालते, दोराची दोन टोकं किनाऱ्यावर येतात आणि झाडून सगळं गाव ते दोर ओढायला लागतं. पण थवा आहे कुठे, हे वाळूवर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. त्याला सगळं पाणी सारखंच. ते दिसतं टेकडीवरून. म्हणून रोज सकाळी गुणाजी टेकडीवर जाऊन बसे. काळ्या पट्ट्यासारखा थवा दिसला की फडकं हलवी. डावीकडे हलवलं की होडी डावीकडे, उजवीकडे हलवलं की उजवीकडे, आणि गोल फिरवलं की जाळं टाका. जाळं आलं की त्यातली पहिली टोपली गुणाजीच्या दारात जाई. हा त्याच्या घराण्याचा मान होता, आजोबांपासून चालत आलेला.

त्याच्या बापाने मरताना त्याला एवढंच बजावलं होतं की, पाणी काळं दिसलं तरी भुलू नकोस, वर पक्षी घिरट्या घालताना दिसेपर्यंत फडक्याला हात लावू नकोस. गुणाजीने तीस वर्षं ते पाळलं. तीस वर्षांत त्याचं फडकं एकदाही खोटं पडलं नाही. आता तीस वर्षं चूक न झालेल्या माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. त्याची मान जरा ताठ झाली. लग्नाच्या पंगतीत तो पहिल्या पाटावर बसे, आणि कोणी हवापाण्याबद्दल काही बोललं तर डोळे मिटून हसे.

एका वर्षी आश्विन लागला तरी मासे आलेच नाहीत. एकोणीस दिवस होडी वाळूत पडून राहिली. चुली पेटत होत्या, पण वर नुसती पेज शिजत होती. गुणाजी टेकडीवरून उतरला की लोक त्याच्या हाताकडे बघत आणि मग एकमेकांकडे. नाक्यावर एक जण हसत हसत म्हणालाच, "आबा, डोळ्यांत काजळ घाल रे. मगे मासे दिसतले."

गुणाजी हसला नाही. ते बोलणं त्याला चांगलंच झोंबलं.

विसाव्या दिवशी सकाळी त्याला समुद्रात काळा पट्टा दिसला. चांगला लांबरुंद, काळसर, हळूहळू किनाऱ्याकडे सरकणारा. त्याने वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. एकही कुरव नव्हता. एरवी थव्यावर हे पांढरे पक्षी नुसते तुटून पडत. त्याने पुन्हा पाहिलं, मग डोळे चोळून पाहिलं. पट्टा होता, पण पक्षी नव्हते. शिवाय त्या पाण्याला कधी न पाहिलेली एक चमक होती.

खाली वाळूवर गाव जमलं होतं. रापणीचा मुख्य जनू तांडेल दोन्ही हात वर करून विचारत होता, काय, आहे का? बायका पदर खोचून उभ्या होत्या. सगळ्यांचे चेहरे टेकडीकडे वळले होते. गुणाजीला काजळाची आठवण झाली. मनात तो म्हणाला, पक्ष्यांचं काय, येतील मागून. आणि त्याने फडकं हलवलं.

होडी गेली. जाळं पडलं. दोर हाती आले आणि गावाने असा काही जोर लावला की वाळूत टाचा रुतल्या. जाळं जड लागत होतं. जड जाळ्यासारखा आनंद कोळ्याला दुसरा नाही. लोक ओरडत होते, गात होते, आणि टेकडीवरून उतरणारा गुणाजी मनातल्या मनात पहिली टोपली दारात ठेवून घेत होता.

मग वास आला. रॉकेलचा, डांबराचा, डोकं भणभणवणारा. पाठोपाठ जाळं आलं. ते काळं होतं. दोर काळे, हात काळे, वाळू काळी. काकवीसारखं दाट डांबर जाळ्याच्या डोळ्याडोळ्यांत भरलं होतं. माशांचे कल्ले चिकटले होते. एक पाणकावळा पंख उघडायला बघत होता आणि त्याला ते उघडता येत नव्हते. मधोमध एक कासव होतं. त्याचे डोळेसुद्धा बुजले होते.

दूर समुद्रात तेलाचं एक जहाज खडकावर चढून फुटलं होतं. पण ते त्या क्षणी गावात कोणालाच माहीत नव्हतं. माहीत एवढंच होतं की साऱ्या गावाने वर्षभर बसून विणलेलं जाळं गेलं. एक म्हातारी मटकन वाळूत बसली आणि रडू लागली. गुणाजीची बायको गोदा मात्र घरातून खोबरेल घेऊन आली आणि कासवाचं तोंड पुसत बसली. रडायचं ते हात चालवत रडावं, असा तिचा स्वभाव होता.

माणसाचं नुकसान झालं की त्याला आधी कोणाची तरी मान हवी असते. जनू तांडेलला ती लगेच सापडली.

खाडीच्या पलीकडे पाणखोल नावाची वाडी होती. तिथले लोक काथ्या करत. नारळाची सोडणं ते खाडीच्या चिखलात महिनोन्महिने पुरून कुजवत, मग कुटून त्याचे दोर वळत. कुजक्या सोडणांचं पाणी काळं असतं आणि त्याला वासही येतो. त्या वासावरून दोन्ही गावांत पिढ्यान्‌पिढ्या भांडण होतं. लग्नाचं बोलावणं नाही, मयताला जाणं नाही.

"ही पलीकडच्यांची घाण," जनू म्हणाला. "सोडणांचा काळा पाणी सोडल्यानी दर्यात. चला, इचारूया तेंका."

त्याच्या हातात वल्हं होतं. बघता बघता दहा-वीस हातांत वल्ही आली. अशी विचारपूस कशी असते हे सांगायला नको.

गुणाजी बाजूला उभा होता. एकट्या त्यालाच ठाऊक होतं की हे पाणी खाडीतून आलेलं नाही. त्याने ते खोल समुद्राकडून येताना पाहिलं होतं. आणखीही एक गोष्ट त्यालाच ठाऊक होती. उतरता उतरता त्याने मागे वळून पाहिलं होतं, तेव्हा क्षितिजाकडे याच्या दसपट मोठा दुसरा पट्टा दिसला होता. तो खाडीच्या मुखाकडे सरकत होता. दुपारी भरती लागली की तो आत शिरणार. आणि खाडीत शिरला की संपलंच. तिथल्या कांदळवनाच्या मुळांशी माशांची पिल्लं वाढत होती. कोळंबी तिथली, खेकडे तिथले, खडकांवरची कालवं तिथलीच. समुद्र रुसला की ही खाडीच गावाला जगवत आली होती.

पण हे सांगायचं तर लोक विचारणार, तुला कसं कळलं? आणि मग सकाळचं सगळं सांगावं लागणार.

गोदाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला सारं कळलं. चाळीस वर्षांचा संसार होता. ती हळूच म्हणाली, "गप रव. पक्ष्यांची साक्ष काढूक कोण जाता?"

ती खोटं बोलत नव्हती. कोणीच विचारलं नसतं. जाळ्याचं पाप पलीकडच्यांच्या माथी गेलं असतं, दोन-चार डोकी फुटली असती आणि गुणाजीचं फडकं कधीच खोटं न पडलेलं राहिलं असतं. गुणाजीने फडक्याकडे पाहिलं. त्याला बाप आठवला. त्याला स्वतःची लाज वाटली. तो चालत गेला आणि जनूच्या पुढ्यात उभा राहिला.

"थांब जनू. सोडणांचा पाणी खाडीतसून भायर येता. ह्या खोल दर्याकडसून इला. माका सकाळीच दिसला होता. वर एक पक्षी नव्हतो. तरी मी फडकां हलवलंय."

"कित्याक?" जनूने विचारलं.

"तुमी सगळे खालसून माझ्याकडे बघी होतास. माका 'नाय' म्हणूची लाज वाटली."

जनूने त्याच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. "ह्या फडक्यार आता कोण इस्वास ठेवतलो?"

"नको ठेवू," गुणाजी म्हणाला. "पण आयक. मागसून हेच्यापेक्षा मोठा येता. दुपारची भरती लागली की खाडीत शिरतला."

खोटं बोलणारा माणूस स्वतःवर एवढं ओढवून घेत नाही, हे जनूसारख्या तापट माणसालाही समजलं. त्याने वल्हं खाली टाकलं. वल्हं टाकल्यावर मग त्याचं डोकं चालू लागलं. तो म्हणाला, आता काय करायचं? आणि नवल म्हणजे, हा प्रश्न त्याने गुणाजीलाच विचारला.

गुणाजीने त्या काळ्या जाळ्याकडे बोट केलं. "जाळा तर गेलाच. तेका खाडीच्या तोंडार आडवा घालूया. पण नुसता जाळा तेल अडवचा नाय. पोटात काथ्यो भरूक होयो."

जाळं होतं पुरेसं लांब. वरच्या काठाला हलक्या लाकडाचे तरंगते तुकडे होते, खालच्या काठाला वजनं होती. ते दुमडून आत काथ्या ठासला की पाण्यावर लांबच लांब लोड तयार होणार आणि खालची जाळी पडद्यासारखी लोंबणार. काथ्या तेल पितो, हे कोकणातल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. सांडलेलं खोबरेल ती काथ्यानेच तर पुसते. फक्त अडचण एकच होती. एवढा काथ्या तारवेळमध्ये नव्हता. तो पाणखोलमध्ये होता.

मागायला कोण जाणार? गुणाजी एकटाच डोणीत बसला आणि पलीकडे गेला.

पाणखोलच्या अंगणांत वर्षभराचा काथ्या वाळत पडला होता. काथ्या कुटणाऱ्या बायकांची मुख्य भामावहिनी मोगरी हातात घेऊन पुढे आली. गुणाजीने आडपडदा ठेवला नाही. तेल येतंय, चूक माझी, आणि आमचे लोक वल्ही घेऊन तुम्हाला मारायला निघाले होते, हेसुद्धा त्याने सांगून टाकलं. हे शेवटचं न सांगता भागलं असतं. पण आज त्याचं तोंड एकदा उघडलं होतं.

भामावहिनीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मारूक येवचा होता तर सकाळी येवचा. ह्या येळार आमका काम असता. किती होयो काथ्यो?"

"असात तितको."

बाकीच्या बायका कुजबुजल्या. वर्षभराची मेहनत होती ती. भामावहिनीने क्षणभर अंगणभर नजर फिरवली. मग तिने मोगरी खाली ठेवली.

"खाडी मेली तर सोडणां खय भिजत घालू? गुणाजीच्या अंगणात?" असं म्हणून तिने पहिला भारा स्वतःच डोक्यावर घेतला.

मग जे काम झालं, ते दोन्ही गावांतले म्हातारे अजून सांगतात आणि सांगताना ताठ बसतात. खाडीच्या वाळूवर जाळं पसरलं. एका बाजूने तारवेळच्या बायका बसल्या, दुसऱ्या बाजूने पाणखोलच्या. हातांना खोबरेल चोपडून, नाकाला पदर बांधून त्या काथ्या ठासत गेल्या आणि सुंभाने टाके घालत गेल्या. मुलांना दूर मारुतीच्या देवळात नेऊन बसवलं होतं. पहिली घटकाभर कोणी कोणाशी बोललं नाही. मग गोदाने पलीकडच्या एका बाईचा टाका सैल आहे म्हणून सांगितलं, त्या बाईने गोदाची गाठ चुकीची आहे म्हणून सांगितलं, आणि त्यानंतर गप्पा काही थांबल्या नाहीत.

भरती लागायच्या आत लोड पाण्यात उतरला. त्याचं एक टोक तारवेळच्या खडकाशी जनूच्या माणसांनी धरलं. होडी दुसरं टोक घेऊन पलीकडे गेली आणि ते पाणखोलच्या लोकांनी धरलं. रापणीचा दोर दोन गावांनी दोन काठांवरून धरल्याचं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

आता तेल नेमकं कुठून येतंय, हे कळायला हवं होतं. जिथे रेटा जास्त, तिथे लोड ताणायचा, दोन्ही गावांच्या होड्यांनी आधार द्यायचा. जनूने पाण्याकडे पाहिलं. त्याला चमकत्या उन्हाशिवाय काही दिसलं नाही. तो गुणाजीकडे गेला आणि कमरेला खोचलेलं तांबडं फडकं त्याने पुढे केलं.

"चढ वर. खालसून सगळा पाणी सारख्याच दिसता."

गुणाजी टेकडी चढला. साठीचा माणूस, पण असा चढला की खालचे बघत राहिले. वरून त्याला तो पट्टा दिसला. दाट, काळा, इंद्रधनुष्यासारख्या रंगांची कड असलेला. त्याने फडकं उजवीकडे हलवलं. होड्या उजवीकडे गेल्या, दोर ताणले गेले. पहिला रेटा लोडावर आदळला आणि तिथेच थबकला. काथ्याने तेल प्यायलं. दोन्ही काठांवरून एकदम आरोळी उठली.

आणि नेमकं तेव्हा ऊन पाण्यावर तिरपं पडलं. सारी खाडी चांदीसारखी झळकू लागली आणि तेल कुठलं, पाणी कुठलं, गुणाजीला काहीच दिसेना. खाली दोन गावं मान वर करून उभी होती. जनूने दोन्ही हात वर करून विचारलं, कुठे? सगळं अगदी सकाळसारखंच होतं.

गुणाजीने फडकं दोन्ही हातांनी धरलं, डोक्यावर ताणून आडवं केलं आणि तसाच निश्चल उभा राहिला. अशी खूण टेहळ्यांच्या तीन पिढ्यांत कोणी केली नव्हती.

काठावर गडबड उडाली. हे काय म्हणायचं? जनू क्षणभर बघत राहिला. मग त्याने सगळ्यांना हाताने थोपवलं. "आबाक दिसना नाय. दिसापर्यंत जागेर थांबा."

ते थांबले. एक ढग सरकत आला आणि उन्हावर आला. झळाळी विझली. गुणाजीला दिसलं की तेल उजवी बाजू सोडून डाव्या खडकाकडे वळलंय. त्याने जिवाच्या आकांताने फडकं डावीकडे हलवलं. आधीच अंदाजाने होड्या उजवीकडे हाकल्या असत्या, तर डावं टोक उघडं पडलं असतं. होड्या जागेवर होत्या म्हणून वेळेवर पोचल्या. डाव्या खडकाशी बायका, पुरुष, म्हातारे सगळे दोराला लोंबकळले. गोदा पुढे, भामावहिनी तिच्या मागे. लोड वाकला, ताणला, पण तुटला नाही. भरती भरून उलटली आणि काळं पाणी मुखाबाहेर राहिलं. आत खाडी हिरवीगार आणि स्वच्छ होती.

लोक रडत होते आणि हसत होते. जनू तांडेलने पाणखोलच्या एका काथ्यावाल्याला मिठी मारली. दोघेही इतके काळे झाले होते की कोण कुठल्या गावचा हे कळायला मार्ग नव्हता.

पुढे तीन दिवस हेच चाललं. तेल प्यायलेला काथ्या काढायचा, पिंपांत भरायचा, नवा ठासायचा. चौथ्या दिवशी तालुक्याचे साहेब आले, मोठी रबरी पट्टी आणि यंत्रं घेऊन. खाडीच्या मुखाशी आधीच आडवा पडलेला तो लोड बघून ते चकित झाले. "हे कोणाच्या हुकमाने केलंत?"

जनूने टेकडीकडे बोट दाखवलं. "थय एक फडकां हलता. तेच्या."

सगळंच वाचलं असं नाही. बाहेरच्या खडकांवरची कालवं मेली. वाळूत खणलं की कित्येक महिने काळा थर लागे. कितीतरी पक्षी गेले, तो पाणकावळाही गेला. त्या हंगामात तारवेळने समुद्रातला एक मासा विकला नाही, कारण वास असलेली मासळी लोकांना खाऊ घालायची नाही असं गावाने ठरवलं होतं. खाडीने दिलं तेवढ्यावर आणि पाणखोलच्या नारळ-तांदळावर ते वर्ष निघालं. कासव मात्र वाचलं. गोदाने त्याला पाचव्या दिवशी दूरच्या स्वच्छ किनाऱ्यावर नेऊन सोडलं, आणि ते मागे वळूनही न बघता निघून गेलं. गोदा म्हणाली, तसंच असायला हवं.

पावसाळा गेला. नवं जाळं तयार झालं. त्याचे दोर पाणखोलमध्ये वळलेले होते. पुन्हा आश्विन आला आणि एका सकाळी गुणाजीला पाण्यावर काळा पट्टा दिसला.

वाळूवर दोन्ही गावं जमली होती. जनूने हात वर करून विचारलं. गुणाजीने फडकं दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं. अजून कळत नाही.

कोणी काजळाचं नाव काढलं नाही. लोक वाळूत खाली बसले. कोणी विडी काढली, कोणी पान काढलं.

तेवढ्यात आभाळातून एक कुरव आला आणि सरळ पाण्यात घुसला. वर आला तेव्हा त्याच्या चोचीत चांदीसारखं काहीतरी वळवळत होतं. मग दुसरा आला. मग दहा, मग शंभर, आणि त्या काळ्या पट्ट्यावरचं आभाळ पांढरं झालं. खाडीत वाढलेली माशांची पिल्लं मोठी होऊन बाहेर पडली होती. गुणाजीच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने फडकं गोल फिरवलं.

त्या दिवशीचं जाळं ओढायला दोन गावं कमी पडली. पहिली टोपली मानाप्रमाणे गुणाजीच्या दारात आली. त्याने ती तशीच डोक्यावर घेतली, डोणीत ठेवली आणि पलीकडे भामावहिनीच्या अंगणात नेऊन उतरवली.

तारवेळचा टेहळ्या आजही चार खुणा करतो. पहिल्या तीन गुणाजीच्या आजोबांच्या आहेत. चौथी गुणाजीची, आणि नवा टेहळ्या नेमताना गाव आधी तीच करून दाखवायला सांगतं.

तात्पर्य: आपली चूक आणि आपलं अज्ञान जो चारचौघांत कबूल करतो, त्याच्याच शब्दावर संकटाच्या वेळी माणसं एकत्र येतात, आणि समुद्रासारखं सगळ्यांचं धन सगळ्यांनी मिळूनच राखता येतं.